पावणेसहानंतरच्या नोंदी

पाणी शुद्धीकरण केंद्रात त्यांना सगळे डिस्कराव म्हणायचे. मागून नव्हे, तोंडावर. आणि त्यांना ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्यांची नको इतकी दया यायला नको.

केंद्रात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा डिस्कराव प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होते. यंत्र आलं, त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण चढलं आणि सात महिने ते कुणी काढलं नाही. साहेब लोक लांबून बघायचे. बिघडलं तर निस्तरायचं कुणी, म्हणून हात मागे घ्यायचे. डिस्करावांनी आवरण काढलं. जेवणाच्या सुट्टीत माहितीपुस्तक मांडीवर घेऊन ते दोन वर्षं बसले आणि उठले ते केंद्रातले सर्वात शहाणे होऊन. इतके शहाणे, की नाकावर माशी बसू देईनात.

यंत्राबरोबर डिस्क वापरायची जी पद्धत आली होती ती त्यांना पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी स्वतःची बसवली. कोरी डिस्क म्हणजे नुसती चकती. तिच्यावर आधी आखणी करावी लागते, कप्पे पाडावे लागतात, प्रत्येक कप्प्याला क्रमांक द्यावा लागतो. यालाच फॉरमॅट करणं म्हणतात. मग सुरुवातीच्या कप्प्यात एक तक्ता ठेवायचा. अमुक फाइल अमुक कप्प्यात सुरू होते, तिथून पुढे कुठल्या कप्प्यात जायचं, त्यानंतर कुठे, आणि संपते कुठे. नव्या माणसाला हे समजावताना डिस्कराव वसतिगृहाचं उदाहरण द्यायचे. फाटकाशी फळा असतो, त्यावर कोण कुठल्या खोलीत ते लिहिलेलं असतं. फळ्यावरचं नाव पुसलं म्हणून माणूस खोलीतून जात नाही, पण फळा वाचून शोधणाऱ्याला तो सापडत नाही. उदाहरण चांगलं होतं. स्वतः डिस्करावांना ते हवं तेव्हा आठवलं नाही, एवढंच.

त्यांची पद्धत चालली. पाण्याचा गढूळपणा, औषधाचं प्रमाण, टाकीची पातळी, सगळं दर तासाला पाळीवरचा माणूस कळफलकावर टाइप करायचा. पडद्यावर ‘नोंद झाली’ असं उमटायचं. प्रत्येक पाळीची वेगळी डिस्क होती. वर्षभराने डिस्करावांनी मोठ्या साहेबांना सांगून कागदी नोंदवही बंदच करून टाकली. ‘एकच गोष्ट दोनदा लिहायची, ही कसली रीत?’ असं ते म्हणाले. पाळीवाल्यांनी जरा कुरकुर केली. म्हातारे होते त्यांनी बोटं मोडली. पण डिस्करावांपुढे बोलणार कोण?

त्याच सुमाराला त्यांनी आपल्या धाकट्या मेव्हण्याला केंद्रात चिकटवलं. बायकोचा हा एकुलता एक भाऊ. शांत, जरा जास्तच नेटका, रोज दहा मिनिटं आधी येणारा. त्याला दुपारची पाळी मिळाली, दोन ते दहा. बायको त्या दिवशी इतकी खूश होती की तिने डिस्करावांची दोन जुनी चष्म्याची घरंसुद्धा पुसून ठेवली.

मग बाजारात दोन्ही बाजूंनी लिहिता येणाऱ्या डिस्क आल्या. आधीच्या डिस्कवर एकशे साठ कप्पे मावायचे, नवीवर तीनशे वीस. डिस्करावांनी एका दुपारात प्रोग्राम बदलला आणि आता सहा महिन्यांच्या नोंदी एका डिस्कवर बसतील म्हणून जाहीर केलं. साधं गणित होतं. तासाला एक, म्हणजे पाळीच्या आठ नोंदी एका कप्प्यात. सहा महिन्यांचे साधारण एकशे ऐंशी कप्पे. जागाच जागा. घाईत एक गोष्ट मात्र राहिली. तक्त्यात कप्प्याच्या क्रमांकासाठी त्यांनी जी जागा ठेवली होती, तिच्यात दोनशे पंचावन्नपर्यंतचाच आकडा मावत होता. दोनशे छप्पन्न आला की स्कूटरच्या किलोमीटरच्या चाकांसारखं सगळं फिरून पुन्हा शून्य. आणि त्यांच्या तक्त्यात शून्य म्हणजे ‘फाइल इथे संपली’. लिहिणारा प्रोग्राम शेवटच्या कप्प्याचा हिशेब वेगळा ठेवायचा, तो आपला पुढे लिहीत जायचा. वाचणारा प्रोग्राम तक्त्याचं ऐकायचा, तो शून्यापाशी थांबायचा. पण दोनशे छप्पन्नपर्यंत जातंय कोण?

मेव्हणा तिथपर्यंत पोचला. दुपारच्या पाळीत पाणी अधूनमधून गढूळ यायला लागलंय, हे त्याच्या लक्षात आलं. तासाने बघितलं तर कधी सापडायचं, कधी निसटायचं. म्हणून त्याने कुणी न सांगता दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यायला सुरुवात केली. चौपट नोंदी, चौपट कप्पे. चाळीसएक दिवस त्याने हे केलं. आणि मग एका आठवड्यात केंद्राच्या पाण्यावरच्या दोन वस्त्या आजारी पडल्या. एक म्हातारा गेला, दोन लहान मुलं गेली.

चौकशी बसली. तीन माणसं, एक लांब टेबल. दुपारच्या पाळीची डिस्क वाचली गेली. एका दिवशी संध्याकाळी पावणेसहाची नोंद होती, आणि त्यानंतर काही नाही. ना त्या दिवशी, ना पुढचे अकरा दिवस. मेव्हणा म्हणाला, मी दर पंधरा मिनिटांनी लिहिलंय, पडद्यावर ‘नोंद झाली’ असं दिसत होतं, साहेबांना रोज फोन केलेत. ज्या साहेबांना फोन केले होते त्यांनी कानावर हात ठेवले. नोंदवही नव्हतीच. मग समितीने डिस्करावांना बोलावलं.

आदल्या दिवशी मेव्हणा घरी आला होता. दारातच उभा राहिला, बसला नाही. “भाऊजी, डिस्क एकदा नीट बघा. मी लिहिलंय हो.”

“बघितली मी.”

“परत बघा.”

डिस्करावांनी परत बघितली, हे खरं आहे. त्याच वाचणाऱ्या प्रोग्रामने बघितली, जो तक्त्याचं ऐकत होता. कप्प्यामागून कप्पा उघडून बघता आलं असतं, तासाभराचं काम होतं. ते त्यांना सुचलं नाही असंही नाही. सुचलं, आणि त्यांनी मनातल्या मनात नाक मुरडलं. आपल्या हाताने बसवलेल्या पद्धतीवर आपणच संशय घ्यायचा? शिवाय मेव्हणा आपला. उद्या लोक म्हणतील, नातेवाइकाला वाचवायला डिस्करावांनी डिस्कमध्ये काहीबाही घुसडलं. हे बोलणं टाळायला ते दुप्पट कडक झाले. समितीने विचारलं, यंत्राची चूक असू शकते का? डिस्कराव म्हणाले, “पद्धत माझी आहे. ती चुकत नाही, माणूस चुकतो.” हे वाक्य त्यांनी सकाळी दाढी करताना तयार करून ठेवलं होतं.

मेव्हण्याला काढलं. पाळी सोडून झोपायला जायचा, असं कारण लिहिलं. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि बाकीचे मोकळे झाले. पुढे त्याला कुठे नोकरी लागली नाही. ज्याच्यामुळे मुलं मेली त्याला कोण ठेवणार? शेवटी त्याने एका इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं दुकान टाकलं. डिस्कराव मात्र वर चढत गेले.

बायको भांडली नाही. एकदाच म्हणाली, “तो खोटं बोलत नाही.” डिस्कराव म्हणाले, “पुरावा आहे.” त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. दर रविवारी सकाळी ती भावाकडे जायची, एकटी. संध्याकाळी परत यायची आणि गॅस पेटवायची. अशी सव्वीस वर्षं गेली. आणि डिस्कराव म्हणायचे, आमच्या घरात कधी आवाज चढत नाही.

त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तेव्हा केंद्रातून फोन आला. जुन्या सगळ्या नोंदी नव्या यंत्रावर घ्यायचा आदेश निघाला होता. नोंदकक्षाच्या नव्या बाई बोलत होत्या, तिशीच्या असाव्यात. “सर, तुमच्या डिस्क कुठलंच मशीन ओळखत नाही. घातली की म्हणतं, ही फॉरमॅट केलेली नाही, करू का?”

“हो म्हणालात?” डिस्करावांनी घाईने विचारलं. हो म्हटलं की आतलं सगळं पुसलं जाणार.

“नाही. म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

डिस्कराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आपल्यावाचून अडलं, या सुखाचं तेज तोंडावर दिसत होतं. बाईंनी भंगारवाल्याकडून एक जुना ड्राइव्ह मिळवला होता. डिस्करावांचा वाचणारा प्रोग्राम नव्या यंत्रावर चालण्यातला नव्हता, म्हणून बाईंनी वेगळी रीत धरली. आधी पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यायची, मग तक्ता बघून फाइली लावायच्या. डिस्कराव शेजारी खुर्ची टाकून तक्ता कसा वाचायचा ते सांगत. बाई हुशार होत्या, पण ऐकूनही घेत. सहा दिवसांत साठ डिस्क झाल्या. डिस्कराव घरी आल्यावर बायकोला रोजचा आकडा सांगायचे. ती “बरं” म्हणायची.

सातव्या दिवशी सकाळी चहा होण्याआधी ती डिस्क आली. डिस्करावांनी चिठ्ठीवरची तारीख वाचली आणि डिस्क बाईंकडे सरकवली.

“सर, तक्त्याप्रमाणे ही फाइल इथे संपतेय,” बाई म्हणाल्या. “पण पुढचे कप्पे भरलेले आहेत.”

“कचरा असेल. जुन्या वापरातला.”

“ही तर नवी कोरी डिस्क असणार ना? जुना वापर कुठून येईल?” त्यांनी पुढचा कप्पा उघडला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. “सहा वाजता, गढूळपणा चौदा. पाचच्या आत हवा ना? सव्वासहा, सोळा. साडेसहा, एकवीस. शेरा, साहेबांना फोन केला, बघतो म्हणाले. पावणेसात, एकवीस. सात, चोवीस. शेरा, परत फोन केला, उचलला नाही. अरे बापरे. सर, हे तर रोजचं आहे. बघा, पुढच्या दिवशीचं. त्याच्या पुढच्या...”

“दोनशे पंचावन्न,” डिस्कराव म्हणाले. “तक्त्यात दोनशे पंचावन्नच्या समोर काय आहे?”

“शून्य.”

पुढे काही सांगायची गरज नव्हती. ज्याने ती जागा आखली होती त्याला एका शब्दात सगळं कळलं. मेव्हणा जितका जास्त काळजीपूर्वक वागला, तितका लवकर तो त्या आकड्यापर्यंत पोचला होता. तासाला एकच नोंद घेऊन, पाय पसरून बसला असता तर आजही त्याची नोकरी शाबूत असती.

“सेहेचाळीस कप्पे आहेत,” बाई म्हणाल्या. “नोंद करणारा क्रमांक सतरा. कोण होते हे?”

“होता एक.”

“तक्त्याबाहेरचं नव्यात घ्यायचं का? आदेशात तर तक्त्याप्रमाणे एवढंच म्हटलंय.”

आणि डिस्कराव काय म्हणाले? ते म्हणाले, “नको. सोडून द्या.”

त्या दिवशी ते घरी आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी बरं नाही म्हणून केंद्रात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी गेले आणि बाईंना म्हणाले, मला त्या सेहेचाळीस कप्प्यांचे कागद छापून द्या. बाईंनी काही न विचारता दिले. त्यांनी ते कप्पे पुसलेही नव्हते, वेगळ्या फाइलमध्ये लावून ठेवले होते. आपल्या मनाने. मेव्हण्याने सांगूनसुद्धा डिस्करावांनी जे केलं नव्हतं, ते.

कागद घेऊन ते वरच्या मजल्यावर साहेबांकडे गेले. हे साहेब नवे, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं.

“चौकशीचे कागद दहा वर्षांनी नष्ट होतात. तुमचे ते साहेब वारले. आता मी कुणाला काय विचारू?”

“एक पत्र द्या. या माणसाने नोंदी केल्या होत्या, एवढं एका ओळीत लिहून द्या.”

“केंद्राची चूक झाली असं आम्ही लिहून देऊ शकत नाही.” साहेबांनी कागद उलटसुलट केले. “आणि काका, पद्धत तर तुमचीच होती ना?”

डिस्करावांनी कागद उचलले. जिन्याच्या वळणावर खिडकीच्या कट्ट्यावर एक कोरा कागद ठेवून त्यांनी स्वतःच लिहिलं. क्रमांक सतरा यांनी सर्व नोंदी वेळच्या वेळी केल्या होत्या, त्या माझ्या चुकीमुळे दिसल्या नाहीत, समितीपुढे मी जे बोललो ते चूक होतं. खाली सही केली. कधी नव्हे ते पूर्ण नावाने.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तक्ता, शून्य, दोनशे छप्पन्न. ती घड्या घालत राहिली. त्यांना वाटलं तिला समजत नाहीये, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

“कळलं मला,” ती म्हणाली. “तुम्हाला कळून किती दिवस झाले?”

“तीन. आज चौथा.”

“तीन दिवस माझ्यासमोर बसून जेवलात.”

सव्वीस वर्षांत तिने त्यांना दुखावणारं असं हे पहिलंच वाक्य उच्चारलं असेल, आणि ते अगदी जिथे लागायचं तिथे लागलं.

“तू येतेस बरोबर? मला एकट्याला...”

“मी इतकी वर्षं एकटीच जातेय,” ती म्हणाली. “तुम्हीही जा.”

दुकान शोधायला त्यांना दोन ठिकाणी विचारावं लागलं. मेव्हण्याचं दुकान, आणि रस्ता माहीत नाही. जिन्याखालची जागा इतकी ठेंगणी होती की मेव्हणा मान कलती करूनच उभा होता. केस सगळे पांढरे झाले होते. कपड्यांचे गठ्ठे मात्र एका रेषेत, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि इस्त्री उभी करून ठेवली.

“या, भाऊजी. ताई बरी आहे ना?”

“बरी आहे.” डिस्करावांनी कागद पुढे केले. रस्त्यात जुळवून ठेवलेलं एकही वाक्य तोंडातून फुटेना. “सापडल्या,” एवढंच म्हणाले. “तुझ्या नोंदी. डिस्कवरच होत्या. चूक माझी होती. सगळ्यात वर मी लिहून दिलंय.”

मेव्हण्याने हात शर्टाला पुसले, चष्मा लावला आणि लाकडी स्टुलावर बसून वाचायला घेतलं. वरचं पत्र त्याने वाचून बाजूला ठेवलं. मग नोंदी वाचल्या. एकेक ओळ, बोट फिरवत. डिस्कराव उभे होते. बसा म्हणायचं त्याला सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल. बराच वेळ गेला. एका पानावर बोट थांबलं.

“इथे चुकलंय. या दिवशी मी दोनदा फोन केला होता. सव्वासातला आणि पावणेआठला. मी एकदाच लिहिलंय.” त्याने बोट त्या ओळीवरच ठेवलं. “दुसऱ्यांदा त्यांनी शिव्या दिल्या, म्हणून लिहिलं नसेल.”

“मी समितीला पत्र पाठवीन. वर्तमानपत्रात देईन. सांगशील तिथे येऊन सांगीन.”

“समिती कुठे आहे आता?”

“मग तू सांग. कुणाला दाखवायचं ते सांग, मी स्वतः जाऊन दाखवतो.”

मेव्हण्याने कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि मांडीवर ठेवले. तो रागावला असता तर डिस्करावांना बरं वाटलं असतं. चार लोकांत ओरडला असता, कॉलर धरली असती तरी चाललं असतं. तो विचार करत होता, खरोखरच, कुणाला दाखवायचं याचा.

“आईला दाखवायला हवं होतं,” तो म्हणाला. “तिला जाऊन बारा वर्षं झाली. शेवटची चौदा वर्षं ती माझ्याकडे होती, पण माझ्या हातचं पाणी प्यायची नाही. उठवत नव्हतं तिला, तरी भिंत धरून स्वतः माठापाशी जायची. मी खूप सांगितलं तिला. ती एकच म्हणायची, जावई कशाला खोटं बोलतील?”

डिस्करावांनी जिन्याची कड धरली. मागे कुणीतरी कपड्यांची पिशवी घेऊन येऊन थांबलं होतं.

“भाऊजी, जरा बाजूला होता का?” मेव्हणा उठत म्हणाला. “गिऱ्हाईक उभं आहे.”